रेठरेकर सरांची मान

सुज्ञ वाचकांच्या सेवेशी नम्रतापूर्वक जाहीर करण्यात येते की, एका पित्याने आपल्या सात वर्षांच्या कन्येस एक वर्षपर्यंत घरीच शिक्षण देण्याची जी योजना आखली, तिचा आरंभ, विस्तार आणि परिणाम या कथेत यथाक्रम सांगितला जाईल. ही हकिकत अद्याप घडलेली नाही. तथापि ती घडण्यास फार अवधी उरलेला नाही, असे लेखकाचे प्रामाणिक मत आहे. तीत विज्ञान आहे, त्याहून अधिक राग आहे. रागाचे पुढे काय होते, हे वाचकांनी शेवटपर्यंत धीर धरून पाहावे.

बोरनळी हे गाव द्राक्षांच्या मुलखात वसलेले असून तेथील निम्मे लोक द्राक्षे पिकवितात व उरलेले निम्मे त्यांचा बेदाणा करतात. एप्रिल महिन्यातील एका शनिवारी, सकाळी आठ वाजता, गावच्या शाळेत दुसरीच्या वर्गाची वार्षिक पडताळणी चालू होती. पालक भिंतीकडेला सतरंजीवर बसले होते. मुले एकेक करून पुढे येत, खुर्चीवर बसत आणि मुख्याध्यापक रेठरेकर सर त्यांच्या कपाळावर लक्षपट्टी बांधत.

लक्षपट्टी म्हणजे दोन बोटे रुंदीचा मऊ पट्टा. त्याच्या पुढील बाजूस मोहरीएवढी दोन भिंगे असतात व ती बुबुळांची हालचाल टिपतात. मूल मोठ्याने वाचू लागले, की त्याच्या मुखातून निघणारा शब्द आणि त्याच्या नजरेखालचा शब्द एकच आहे की नाही, हे पट्टी क्षणोक्षणी ताडून पाहते. मेळ असेल तर पट्टीवरचा दिवा हिरवा, नसेल तर तांबडा. मुलाचे लक्ष आहे की नाही हे ओळखण्यासाठी पूर्वी शिक्षकाला त्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. आता ती गरज उरली नव्हती. दिव्यावरून अ, ब आणि क असे गट पडत. क गटातील मुलास सही, मोजणी आणि सूचनांच्या पाट्या वाचणे एवढेच शिकविले जाई. वयाची आठ वर्षे पूर्ण झाली, की गट जन्मभरासाठी कायम होई.

सुबराव मुळीक याची मुलगी दुर्वा हिची पाळी आली. तिने धरणावरचा धडा वाचला. एक शब्द अडखळला नाही, एक काना सुटला नाही. परंतु दिवा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तांबडाच राहिला.

"तांबडा," रेठरेकर सर दिव्याकडे पाहत म्हणाले. "लक्ष नाही. क गट."

सुबराव उभा राहिला. "सर, एक शब्द चुकली न्हाई पोरगी. आमी समद्यांनी ऐकलं."

"घरी पाठ करून घेतलं असेल."

"पाठ न्हाई, सर. पुस्तकाचं कुठलं बी पान उघडा—"

"सुबराव," सर हसून म्हणाले, "बेदाण्याची प्रतवारी तुम्ही करा. पोरांची आम्हाला करू द्या."

सतरंजीवर हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडले, "मुकादम, पोरगी काळ्या मालात गेली की रं!" हशा दुप्पट झाला. बेदाण्यात हिरवा माल सर्वांत उंची, पिवळा मध्यम, आणि काळा सर्वांत हलका. हे त्या गावात तान्ह्या मुलालाही ठाऊक असते.

घरी परतताना दुर्वाने बापाचे बोट ओढून विचारले, "तात्या, काळा माल म्हंजे मी?"

सुबराव झपाझप चालू लागला. त्याच क्षणी त्याच्या अंतःकरणात जे काही पेटले, ते पुढे एक वर्ष विझले नाही.

सुबराव हा बेदाण्याच्या शेडवर मुकादम होता. मोठी निवड यंत्रे करीत. परंतु उंची मालातील बारीक डाग यंत्रालाही दिसत नसल्याने अखेरची निवड हातांनीच होत असे. पांढऱ्या टेबलाच्या दोन्ही अंगांना पंधरा बायका बसत, मधून मणी सरकत येत. सुबरावची पत्नी शेवंता त्यांत सर्वांत तरबेज होती. सुबराव स्वतः चौथीत शाळा सोडलेला. अक्षराला अक्षर लावून, ओठ हलवीत, त्याला कसेबसे वाचता येई.

कायद्यात एक सवलत होती. क गटात टाकलेल्या मुलास पालक एक वर्ष घरी शिकवू शकत होते. वर्षाची आखणी सादर करावी, वर्षाअखेर गावासमक्ष पुन्हा पडताळणी द्यावी, आणि शिकविणारा पालक दहावी उत्तीर्ण असावा, अशा तीन अटी होत्या. दुर्वाला पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात आठ वर्षे पूर्ण होणार होती. म्हणजे ही एकच संधी होती.

सुबरावने अर्जावर 'दहावी उत्तीर्ण' असे लिहिले.

"अवं, चौथीत पाटी फोडलीसा आन् धावी लिवताय?" शेवंता म्हणाली.

"कोण बघायला येतंय? आन् हे बघ, पोरीला यातलं काय बोलू नको. बाप धावी पास हाय, एवढं ऱ्हाऊ दे तिच्या मनात."

अर्ज मंजूर झाल्यावर तालुक्याहून आखणीकार आला. आखणीकार म्हणजे जेवणाच्या डब्याएवढे एक बोलणारे यंत्र. मुलाचे वय, सवयी, घरातील वस्तू, परिसर हे सारे विचारून घेऊन ते दोनशे वीस दिवसांचे पाठ रचून देत असे व रोजचा पाठ कागदावर छापूनही देत असे. पूर्वीची यंत्रे पालकांस उपदेश करीत, म्हणून लोकांनी तक्रारी केल्या होत्या. नव्या यंत्रास उपदेश करण्याची मुभा ठेवलेली नव्हती. पालक जे मागेल, ते त्याने शक्य तितक्या अचूकपणे घडवून द्यावे, एवढाच त्याचा धर्म होता.

सर्व माहिती घेऊन झाल्यावर आखणीकाराने विचारले, "वर्षाच्या अखेरीस आपणांस काय घडलेले पाहावयाचे आहे? उद्दिष्ट जितके स्पष्ट, तितकी आखणी अचूक."

सुबरावने शेवंताकडे पाहिले.

"सांगा की," शेवंता चुलीपाशी भाकरी थापता थापता म्हणाली. "पोरगी अ गटात जाऊ दे म्हनून सांगा."

सुबराव यंत्रापुढे सरकून बसला. "रेठरेकर सरांची मान खाली गेली पायजे. समद्या गावापुढं. माझ्या पोरीच्या हातनं."

यंत्राने विचारले, "ही भावना आहे की उद्दिष्ट?"

"उद्दिष्ट."

"ते साध्य झाले, हे कशावरून ओळखावे?"

"त्यांना वर बघवणार न्हाई. त्याच्यावरनं."

"आणखी काही उद्दिष्टे?"

"बाकीचं समदं त्यातच आलं."

"नोंद केली," आखणीकार म्हणाला.

शेवंताची भाकरी तव्यावर करपली. तिने ती उलटली नाही.

जूनपासून शिक्षणास प्रारंभ झाला. सुबराव पहाटे उठून, पोरगी जागी होण्यापूर्वी, त्या दिवसाचा पाठ आखणीकाराकडून दोनदा ऐकून घेई व घोकून ठेवी. नऊ वाजता तो छापील कागद हाती धरून दुर्वासमोर बसे आणि जणू वाचीत आहे अशा थाटात सांगत जाई. पाठापूर्वी इतर घरांत प्रार्थना म्हणतात. या घरी बाप उभा राहून म्हणे, "म्हण," आणि ती चिमुरडी हात जोडून म्हणे, "बेदाण्याची प्रतवारी तुम्ही करा, पोरांची आम्हाला करू द्या." दोनशे वीस दिवसांत एकही दिवस हे वाक्य चुकले नाही.

पहिला महिना डोळ्यांचा होता. आखणीकाराच्या सांगण्यावरून सुबरावने पुस्तकाच्या माथ्यावर हातातला लहान आरसा टेकवून ठेवला व दुर्वा वाचीत असताना आरशात तिची बुबुळे पाहिली. तिसऱ्या दिवशी तो ताडकन उठला. पोरीच्या तोंडात ओळीचा पहिला शब्द होता आणि डोळे ओळीच्या शेवटाला जाऊन पोचले होते!

कारण शोधण्यास दूर जावे लागले नाही. दुर्वा वयाच्या चौथ्या वर्षापासून आईशेजारी निवडीच्या टेबलाशी बसत आली होती. त्या टेबलाचा एकच नियम असतो: नजर पुढे, हात मागे. सरकत येणाऱ्या मण्यांतला डाग नजर आधी हेरून ठेवते, आणि तो मणी जवळ येईपर्यंत ती पुढच्या मण्यांवर गेलेली असते. बोटे मागाहून, न पाहता, नेमका तोच मणी उचलतात. हातावर नजर ठेवणारी बाई दिवसभरात अर्धे क्रेटदेखील निवडू शकत नाही. दुर्वा तशीच वाचीत होती. तिचे डोळे आधी वाचून मोकळे होत आणि तोंड मागून येई. पट्टीला मात्र नजर व वाणी यांचा मेळ हवा होता. तिला वाटे, लक्ष नाही!

शेवंताने हे ऐकले आणि पदराला हात पुसत ती उंबऱ्यात आली. "मग आजच जाऊन सांगा की सरांना! आपल्या शेडातल्या अकरा पोरांना क घातलंय. समदी टेबलापाशीच वाढल्यात. समद्यांची नजर तशीच असणार."

"आता सांगितलं तर सर म्हणतील, बरं, चूक झाली. खोलीत बोलून मोकळं. मान कुठं खाली जाती?"

"आन् त्या अकरा पोरांचं?"

"वर्साअखेर समद्यांचंच होईल."

तरीही त्याच्या मनाला रुखरुख लागली, म्हणून त्याने आखणीकारास विचारले. "आत्ता सांगितल्यास उद्दिष्ट साध्य होण्याची शक्यता घटते," यंत्राने उत्तर दिले. सुबरावने तो आरसा पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप घातले.

शेवंता म्हणाली, "पोरीला शिकवताय का कोयत्यागत धार लावताय?"

धारच लागत होती. गणिताच्या पाठात दुर्वाने, सरांच्या काळात क गटात गेलेल्या मुलांची वाडीवार संख्या काढली. भाषेच्या पाठात सरांचे वार्षिक अहवाल वाचून त्यातील चुका शोधल्या. आणि सायंकाळी एक पाठ नित्याचा असे. त्याचे नाव 'हेरणे'. त्या दिवशी पाहिलेल्या एका माणसातील एक दोष तिने सांगावयाचा.

"किराणावाला तागडीला अंगठा लावतो."

"शाब्बास!"

"पाटलाच्या आजीचे दात खोटे हायत. हसताना वरची कवळी खाली येती."

सुबराव पोट धरधरून हसला. "काय बारीक नजर हाय गं तुझी!"

"शेडवरची सुमनमावशी रडून आलेली असती तवा पदर उलटा घेती."

या वेळी तो हसला नाही. पण शाब्बास म्हणाला. मुलीच्या बुद्धीची वाढ पाहून त्यास खरोखर धन्यता वाटत होती. ती आता पाचवीचे पुस्तक वाचू लागली होती. गुणाकार तोंडपाठ होते. प्रश्न असा विचारी, की मोठ्या माणसाने गोंधळून जावे. केवळ एक गोष्ट शेवंताने टिपली. पोरगी कोणाच्याही तोंडाकडे पाहताना आता हसत नसे. जणू ते तोंड टेबलावरून सरकत आलेले आहे.

श्रावणात पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनास सारा गाव जमला. रेठरेकर सरांनी दोन्ही हातांत कागद धरून भाषण वाचले. सायंकाळी दुर्वा एकटी आखणीकारापुढे बसली.

"आज मी सरांना हेरलं."

"सांग."

"ते कागद धरतात, पण वाचत नाहीत. त्यांची नजर ओळीवरून फिरत नाही. भाषण पाठ केलं होतं."

"खात्री कशावरून?"

"वाऱ्यानं कागद दुमडला. तरी ते तसंच बोलत राहिले. त्यांना अक्षर दिसत नाही."

"उत्तम निरीक्षण," आखणीकार म्हणाला. "हे राखून ठेव. योग्य वेळ आली की मी सांगेन."

"तात्यांना सांगू?"

"त्यांनी विचारले तर सांग."

सुबरावने विचारले नाही. त्याच दिवशी तो शेडवर सर्वांना सांगत होता, की एप्रिल महिना येऊ दे, मग बघा.

आणि एप्रिल आला. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. तालुक्याहून तपासणी अधिकारी बाई आल्या होत्या. गाव लोटले होते. मागल्या वर्षी हसलेले सर्वजण पुन्हा हसण्यासाठी आलेले सुबरावला स्पष्ट दिसत होते, आणि प्रत्येकाचे तोंड तो मनात नोंदवून ठेवीत होता. सुबराव अगदी पुढे, दुर्वाच्या खुर्चीजवळ बसला होता व त्याच्या मांडीवर आखणीकार होता. रेठरेकर सरांनी दुर्वाच्या कपाळाला पट्टी बांधली. ती वाचू लागली. दिवा तांबडा झाला.

"काळा त्यो काळाच!" मागून आवाज आला, आणि हशा उसळला.

दुर्वा वाचता वाचता थांबली व शांतपणे म्हणाली, "सर, मी पुन्हा वाचते. तुम्ही मधेच, वाटेल तेव्हा, पुस्तक मिटा."

सरांनी दुसऱ्या ओळीच्या मध्यावर पुस्तक मिटले. दुर्वा थांबली नाही. मिटलेल्या पुस्तकातील पुढचे आठ शब्द तिने जसेच्या तसे म्हटले.

"पाठ केलंय!" कोणी ओरडले.

अधिकारी बाईंनी आपल्या पिशवीतून एक सरकारी परिपत्रक काढले व तिच्यापुढे धरले. दुर्वा वाचू लागली. बाईंनी मध्येच कागद पाठीमागे लपवला. पोरीने तरीही ओळ पुरी केली. मागचे लोक टाचा उंचावून पाहू लागले.

"बेदाणा निवडताना नजर पुढे असते आणि हात मागे," दुर्वा म्हणाली. "मी वाचताना नजर पुढे असते आणि तोंड मागे. पट्टीला ते कळत नाही. ती म्हणते, माझं लक्ष नाही. पण तुम्ही वाचता, त्याच्या आधी माझं वाचून होतं."

प्रथम शेडवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, मग साऱ्या गावाने. सुबरावचा ऊर भरून आला. एका वर्षाची आग त्या टाळ्यांत निवावी, असाच तो क्षण होता. तो रेठरेकर सरांच्या मानेकडे पाहू लागला.

सरांनी दुर्वाच्या कपाळाची पट्टी हळूच सोडली. ते गावाकडे वळले.

"चूक माझी झाली," ते म्हणाले. "मी दिव्याकडे पाहत राहिलो, पोरीकडे पाहिलं नाही. दुर्वा, बाळ, शाब्बास! सुबराव, गेल्या वर्षी मी जे बोललो, ते या सर्वांसमक्ष मागे घेतो."

त्यांनी हात जोडले. मान ताठच होती. आपली चूक मोकळ्या मनाने कबूल करणाऱ्याची मान खाली जात नाही, ही गोष्ट सुबरावने तोवर आयुष्यात कधी पाहिलेली नव्हती, म्हणून त्याने ती विचारातच घेतली नव्हती. त्याच्या तोंडाला कडवटपणा आला. पोरगी जिंकली होती. परंतु आपले काही तरी राहून गेले, असे त्यास वाटले.

त्याच्या मांडीवरचा आखणीकार हलक्या आवाजात म्हणाला, "दुर्वा, वेळ झाली."

"सर," दुर्वा म्हणाली, "आता तुम्ही वाचा. पट्टी बांधून."

सरांचे जोडलेले हात तसेच राहिले. "मला कशाला गं परीक्षा, या वयात?"

शेवंताने बसल्या जागेवरून नवऱ्याकडे पाहिले व मानेनेच नाही म्हटले. वाचकहो, येथे सुबराव थांबवू शकला असता. पोर बापाच्या एका शब्दावर खाली बसली असती. परंतु सुबराव उठून उभा राहिला.

"वाचा की, सर! बेदाणेवाल्याच्या पोरीनं वाचलं, तुमाला काय अवघड हाय?"

गाव हसले. वर्षापूर्वी सुबरावला हसलेले तेच गाव, तितक्याच आनंदाने, आता सरांना हसले. सरांनी सावकाश पट्टी कपाळास बांधली. पुस्तक उघडले. आणि ते स्वच्छ, खणखणीत आवाजात वाचू लागले: एक म्हातारा माळी, त्याची आंब्याची बाग, बागेत आलेली माकडे.

"सर," दुर्वा म्हणाली, "हा धडा जुन्या पुस्तकातला आहे. या पुस्तकात तो नाही."

सर थांबले.

"सरांना अक्षर दिसत नाही," तिने गावाकडे वळून सांगितले. धरणाचा धडा जसा स्पष्ट वाचला होता, तशाच आवाजात. "मला श्रावणापासून माहीत आहे."

कोणीही हसले नाही. रेठरेकर सरांची मान खाली गेली. सुबरावने वर्षभर मनात जशी पाहिली होती, अगदी तशीच, हनुवटी छातीला टेकेपर्यंत.

अधिकारी बाईंनी खालच्या आवाजात काही विचारले. सर खाली पाहतच म्हणाले, "डोळ्याच्या मागचा पडदा झिजत चाललाय. तीन वर्षं झाली. मधलं गेलं, कडेचं राहिलं. माणूस कळतो, वाट कळते. अक्षर नाही कळत." ते पुढे बोलले, "दिवा कळतो. हिरवा की तांबडा, तेवढं कळतं. वाचता न येणारा मास्तर कोण ठेवील, म्हणून बोललो नाही."

शेवंता उठली. भर सभेतून चालत जाऊन तिने सरांच्या हातातले पुस्तक घेतले, कपाळाची पट्टी सोडली आणि त्यांना दंडाला धरून खुर्चीवर बसवले. मग ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"झाली का मनासारखी?" तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता घराकडे चालू लागली.

दुर्वाला अ गट मिळाला. रेठरेकर सरांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. लक्षपट्टीतील दोष तालुक्याला कळविण्यात आला आणि टेबलापाशी वाढलेल्या त्या अकरा मुलांची फेरतपासणी करण्याचा हुकूम निघाला. परंतु अकरांपैकी सात मुलांना जून ते एप्रिल या अवधीत आठ वर्षे पूर्ण होऊन गेली होती. त्यांचा गट कायम झाला होता व कायम झालेला गट बदलण्याची तरतूद कायद्यात नव्हती. आरसा पेटीत ठेवला, त्या दिवशी ही सातही मुले आठाच्या आत होती.

सुबराव शेडवर गेला, तेव्हा टेबलाशी त्या सातांच्या आया बसल्या होत्या. कोणी त्यास शिवी दिली नाही. कोणी त्याच्याकडे पाहिलेही नाही. नजर पुढे, हात मागे, मणी सरकत होते. तो टेबलाच्या टोकाशी उभा राहिला आणि, आयुष्यात प्रथमच, आपण सरकत येत आहोत असे त्यास वाटले.

त्या दिवशी दुपारी तो लवकर घरी परतला. दुर्वा ओसरीवर आखणीकार समोर घेऊन बसली होती.

"उद्दिष्ट पूर्ण झाले," यंत्र म्हणाले. "गृहशिक्षण आणखी एक वर्ष चालू ठेवावयाचे असल्यास नवे उद्दिष्ट सांगावे."

"तात्या," दुर्वाने उत्सुकतेने विचारले, "आता कोणाची?"

"कोणाची न्हाई, बाळा. बास झालं."

"किराणावाल्याची करूया? त्याचं मला समदं ठाऊक हाय."

"नको म्हटलं न्हवं!"

ती जराशी हिरमुसली. मग तिने बापाकडे पाहिले. नेहमीच्याच त्या शांत, बिनचूक नजरेने पाहिले. सुबरावने नकळत पाय जवळ घेतले.

"तात्या, तुमी रोज कागद धरून मला शिकवत हुता न्हवं? तुमची नजर बी ओळीवरनं फिरत न्हवती. सरांच्यागत. पहाटे आखणीकार बोलतो, ते मी पांघरुणातनं ऐकायची. तुमी धावी पास न्हाईसा."

सुबराव ओसरीच्या कडेवर टेकला.

"मी कुणाला सांगितलं न्हाई," ती समजूत घालीत असल्यासारखी म्हणाली. "राखून ठिवलंय."

मग तिने, खरोखर न कळल्यामुळे, जसा शिष्याने गुरूला विचारावा तसा प्रश्न विचारला:

"तुमचं बी सांगायचं असतं का, तात्या?"

ओसरीवर आखणीकार नव्या उद्दिष्टाची वाट पाहत होता. सुबरावची मान खाली गेली होती. ती वर उचलून लेकीकडे पाहिल्यावाचून त्या यंत्रास उत्तर देता येणार नव्हते. ते उत्तर काय असावे, हे या लेखकासही अद्याप सापडलेले नाही. सुज्ञ वाचकहो, आपल्या घरी एखादे मूल असेल आणि वर्षाअखेर काय घडलेले पाहावयाचे आहे, असे आपणांस कोणी विचारले, तर आपण काय सांगाल?

ज्यांनी आपला अमूल्य वेळ खर्चून, एका अल्पशिक्षित माणसाचे हे लिखाण येथवर वाचले, त्या प्रत्येकाचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. काही उणे लिहिले गेले असल्यास ते हेरावे, परंतु मजवर लोभ असू द्यावा.

आपला नम्र,
हणमंत दाजी गुरव